फॉरेन्सिकचं व्याख्यान ठेवा, पण उलटतपासणीसकट

रसायनशास्त्राच्या प्रादेशिक संस्थांचे वार्षिक समारंभ कुठेही गेलं तरी साधारण सारखेच असतात. वर्षातल्या उत्तम संशोधनाला पदक, एखाद्या हाडाच्या शिक्षकाला पुरस्कार, विद्यार्थ्यांना प्रमाणपत्रं आणि शेवटी पाहुण्यांचं व्याख्यान. या व्याख्यानासाठी फॉरेन्सिक रसायन, म्हणजे गुन्ह्याच्या तपासातलं रसायनशास्त्र, हा विषय निवडला की वाद ठरलेला. एक बाजू म्हणते, हा गर्दी जमवायचा सोपा मार्ग आहे. ज्या व्यासपीठावर उत्प्रेरकांवर आयुष्य घालवलेल्या माणसाचा सत्कार होतो, तिथे खून आणि विषप्रयोगाच्या कहाण्या कशाला? दुसरी बाजू म्हणते, गर्दी यावी हेच तर हवं आहे. मूलभूत विज्ञानाकडे पाठ फिरवणारी मुलं निदान या निमित्ताने सभागृहात येतात. मला दोन्ही बाजूंचं म्हणणं अपुरं वाटतं, कारण दोघांचंही लक्ष फक्त श्रोत्यांवर आहे. ज्या रसायनाच्या जोरावर माणसं तुरुंगात जातात किंवा सुटतात, त्या रसायनाची तपासणी कोण करतं, हे कुणीच विचारत नाही. माझं मत असं: हे व्याख्यान दरवर्षी व्हावं, पारितोषिकांच्याच व्यासपीठावर व्हावं, आणि त्यात सोडवलेल्या गुन्ह्यांच्या कहाण्यांपेक्षा वापरलेल्या पद्धतींची जाहीर झडती घेतली जावी. ही झडती पोलीस घेणार नाहीत. न्यायालयाला ती पुरेशी घेता येत नाही. ती घेण्याइतकं ज्ञान ज्यांच्याकडे आहे, ते लोक त्या सभागृहात बसलेले असतात.

या विद्येचा जन्मच अशा जाहीर वादातून झाला आहे. १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये जॉन बॉडल नावाच्या तरुणावर आजोबांना कॉफीतून आर्सेनिक दिल्याचा खटला चालला. वुलिचच्या शस्त्रागारात काम करणाऱ्या जेम्स मार्शने आर्सेनिकचा पिवळा साका मिळवला होता, पण ज्यूरीपुढे येईपर्यंत तो बिघडला आणि आरोपी सुटला. चिडलेल्या मार्शने १८३६ मध्ये नवी चाचणी जाहीर केली. संशयित पदार्थावर जस्त आणि आम्ल टाकायचं, निघणारा वायू पेटवायचा आणि ज्योतीवर थंड चिनी मातीचा तुकडा धरायचा. आर्सेनिक असेल तर त्यावर काळपट चकाकणारा डाग उमटतो. चाचणी इतकी संवेदनशील निघाली की नवाच घोळ झाला. बाजारात मिळणाऱ्या जस्तात आणि आम्लातही आर्सेनिकचा अंश असायचा. मग डाग मृताच्या पोटातल्या विषाचा की परीक्षकाच्या बाटलीतल्या जस्ताचा? १८४० मध्ये मारी लाफार्जवर नवऱ्याला आर्सेनिक दिल्याचा खटला चालला; फ्रान्समधल्या स्थानिक रसायनतज्ज्ञांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळेनात, तेव्हा पॅरिसहून विषशास्त्रज्ञ ओर्फिला आले, त्यांनी आर्सेनिक दाखवलं आणि मारी लाफार्जला जन्मठेप झाली. पण प्रकरण तिथे मिटलं नाही. रसायनतज्ज्ञ आपसांत भांडले, चाचण्या लोकांसमोर पुन्हा करून दाखवल्या गेल्या, पॅरिसच्या विज्ञान अकादमीने समिती नेमली आणि १८४१ मध्ये तिचा अहवाल आला. मार्शची चाचणी भरवशाची ठरली ती या भांडणामुळे. संशयित नमुना न घालता तीच रसायनं आधी तपासून पाहायची, हा ‘ब्लँक’चा दंडक तिथेच पक्का झाला. आज बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आम्ही मुलांकडून तो घोटून घेतो.

आपल्याकडे मात्र ही विद्या सरकारी टपालाने आली. मद्रासला १८४९ मध्ये, कलकत्त्याला १८५३ मध्ये, आग्र्याला १८६४ मध्ये आणि मुंबईला १८७० मध्ये केमिकल एक्झामिनरची, म्हणजे सरकारी रासायनिक परीक्षकाची, प्रयोगशाळा उभी राहिली. पुढे १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५१० ने या परीक्षकाचा अहवाल, त्याला साक्षीला न बोलावता, पुरावा म्हणून वाचायची मुभा दिली. १९७३ च्या संहितेत तेच कलम २९३ झालं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३२९. न्यायालयाला वाटलं तर तज्ज्ञाला बोलावता येतं. पण बोलावलं नाही तरी कागद चालतो. व्हिसेरा (मृताच्या अंतर्गत अवयवांचे नमुने) राखून ठेवला, मिठाच्या संपृक्त द्रावणातल्या बरण्या सील झाल्या, मुद्देमाल मुंबईत कालिन्याला किंवा नागपूर-पुण्याच्या प्रयोगशाळेत गेला, काही महिन्यांनी सीए रिपोर्ट (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) आला आणि आरोपपत्राला जोडला गेला. त्या रिपोर्टात पुष्कळदा एकच वाक्य महत्त्वाचं असतं: सर्वसाधारण व विशिष्ट रासायनिक चाचण्यांत कोणतेही विष आढळून आले नाही. कोणत्या चाचण्या? किती सूक्ष्म प्रमाणापर्यंत शोध घेता येत होता? कोणती विषं शोधलीच नाहीत? पदव्युत्तर वर्गातला विद्यार्थी प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत असा कागद घेऊन आला, तर आपण त्याला उभं करून हेच तीन प्रश्न विचारू. माणसाच्या स्वातंत्र्याचा निकाल लागतो तिथे ते विचारायची सक्ती कुणावरच नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की फॉरेन्सिकच्या कुटुंबात रसायन हेच सर्वांत विश्वासू आहे, मग झडती त्याचीच का? मुद्दा खरा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००९ मध्ये फॉरेन्सिक विज्ञानाचा जो कठोर आढावा घेतला, त्यात दातांच्या ठशांसारख्या पद्धतींचे वाभाडे निघाले. अमली पदार्थांचं रासायनिक विश्लेषण मात्र परिपक्व शाखा मानलं गेलं. मिश्रणातले घटक वेगळे करणारी गॅस क्रोमॅटोग्राफी आणि ते घटक ओळखणारी मास स्पेक्ट्रोमेट्री एकत्र वापरली की कोकेन आणि पिठीसाखर यांत गल्लत व्हायला फारशी जागा उरत नाही. पण त्याच सुमाराला अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या बॉस्टन शहरात काय चाललं होतं?

जमैका प्लेन भागातल्या विल्यम हिंटन सरकारी प्रयोगशाळेत ॲनी डूकन नावाची विश्लेषक २००३ पासून काम करत होती. तिचा झपाटा थक्क करणारा होता. सहकाऱ्यांच्या कितीतरी पट नमुने ती हातावेगळे करायची. पंधरा-वीस पुड्यांच्या गटातल्या पाचेक पुड्या तपासायच्या आणि उरलेल्या नुसत्या नजरेने ‘कोकेन’ म्हणून पुढे सरकवायच्या, हे त्यामागचं गुपित २०१२ मध्ये उघड झालं. यंत्रावरच्या पुष्टीत निष्कर्ष जुळला नाही आणि नमुना परत आला, तर कधी कधी त्यात खरं कोकेन मिसळून तो जुळवायची. सहकाऱ्यांच्या आद्याक्षरांच्या खोट्या सह्याही तिने केल्या होत्या. यंत्रं चोख होती, पद्धती परिपक्व होत्या. नोव्हेंबर २०१३ मध्ये तिने गुन्हा कबूल केला, आणि एप्रिल २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २१,५८७ खटले एका फटक्यात रद्द केले.

या प्रकरणातून आपल्या इथल्या दोन आवडत्या युक्तिवादांना उत्तर मिळतं. पहिला युक्तिवाद: प्रयोगशाळा गृहखात्यातून काढा, सगळं सुरळीत होईल. मीही या मागणीच्या बाजूचा आहे. तपास करणारा आणि तपासणारा यांचा साहेब एक नसावा. पण हिंटन प्रयोगशाळा पोलिसांची नव्हतीच, ती सार्वजनिक आरोग्य खात्याची होती. खातं बदलल्याने दार उघडतं असं नाही. दुसरा युक्तिवाद: तज्ज्ञाला साक्षीला बोलावणं सक्तीचं करा, वकील बघून घेतील. हीही मागणी रास्त आहे, आणि अमेरिकेत ती मान्य झाली ती नेमकी मॅसॅच्युसेट्समधूनच गेलेल्या खटल्यात. जून २००९ मध्ये मेलेंडेझ-डियाझ प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की कोकेनचं प्रमाणपत्र नुसतं वाचून दाखवणं पुरेसं नाही; विश्लेषकाला उलटतपासणीला सामोरं जावं लागेल. त्यानंतरही डूकन साक्षीला उभी राहत होती आणि कुणाला संशय येत नव्हता. पदव्युत्तर पदवी असल्याचं तिने शपथेवर सांगितलं होतं, तेही खोटं होतं. वकिलाने विचारायचं तरी काय? ‘दिवसाला इतके नमुने होतातच कसे’ हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. ज्याने स्वतः क्रोमॅटोग्राफीचा स्तंभ भरला आहे, त्यात नमुना टोचला आहे आणि आलेख येईपर्यंत वाट पाहिली आहे, त्यालाच तो सुचतो.

म्हणूनच महाराष्ट्रातली सध्याची चर्चा ऐकताना मला काळजी वाटते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक होतंय. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. तरतूद चांगली आहे. पण चर्चा कशाची होते? व्हॅन किती आल्या, प्रलंबित नमुन्यांचा ढीग किती उपसला, दोषसिद्धीचं प्रमाण किती वाढलं. कच्च्या कैदेत अडकलेल्या माणसासाठी रिपोर्ट लवकर येणं फार मोलाचं आहे, हे मान्य. तरीही ढीग उपसण्याच्या मापाने मोजलं, तर डूकनसारखी गुणवंत कर्मचारी शोधून सापडणार नाही. आणि दोषसिद्धी हे तर प्रयोगशाळेचं मापच नव्हे. रक्तदाब मोजणाऱ्या यंत्राचा दर्जा त्याने किती जणांना आजारी ठरवलं यावरून आपण ठरवतो का?

पद्धतच कच्ची असेल तर काय होतं, त्याचं उदाहरण बर्मिंगहॅमचं. २१ नोव्हेंबर १९७४ च्या रात्री तिथल्या दोन पबमध्ये स्फोट होऊन २१ माणसं मेली. त्याच रात्री बेलफास्टच्या बोटीसाठी हेशम बंदरात पोहोचलेल्या पाच आयरिश माणसांना पकडलं गेलं आणि त्यांच्या हातांवरून फिरवलेल्या बोळ्यांवर ग्रीस चाचणी झाली. या चाचणीत नायट्राइट असेल तर गुलाबी रंग येतो. नायट्रोग्लिसरीनवर अल्कली टाकलं की नायट्राइट सुटतं, म्हणून गुलाबी रंग म्हणजे स्फोटकं, असा तर्क होता. काहींच्या हातांवर रंग आला, आणि गृहखात्याचे शास्त्रज्ञ फ्रँक स्क्यूज यांनी या माणसांनी स्फोटकं हाताळल्याची ९९ टक्के खात्री दिली. आता, ही मंडळी आगगाडीत पत्ते खेळत आली होती. पत्त्यांवरच्या चकचकीत लेपात तेव्हा नायट्रोसेल्युलोज असायचं, लाकडावरच्या काही वार्निशांतही असायचं, आणि त्यातूनही योग्य परिस्थितीत नायट्राइट सुटतं. बचाव पक्षाने आणलेल्या तज्ज्ञाने स्क्यूज यांच्या निष्कर्षाला विरोध केला, पण न्यायाधीशांनी स्क्यूज यांचंच म्हणणं ग्राह्य धरलं. हे पाच आणि नंतर बर्मिंगहॅममध्ये पकडलेला त्यांचा एक साथीदार, अशा सहाही जणांना १९७५ मध्ये जन्मठेप झाली. १९८५ मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी रसायनतज्ज्ञांनी पत्ते पिसून, हात पुसून चाचणी करून पाहिली, तेव्हा तोच गुलाबी रंग आला. माणसं सुटली १४ मार्च १९९१ ला, सोळा वर्षांनी. जो प्रयोग कुठल्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एका दुपारी झाला असता, तो करायला अकरा वर्षं आणि पत्रकारांचा पाठपुरावा लागला. त्या अकरा वर्षांत ब्रिटनमधल्या रसायनतज्ज्ञांच्या एखाद्या वार्षिक सभेत हा प्रयोग मंचावर झाला असता तर? हा प्रश्न माझा पाठ सोडत नाही.

दुसरा आक्षेप जबाबदार माणसांकडून येतो. विद्यापीठातल्या प्राध्यापकाला खटल्याची कागदपत्रं माहीत नसतात, प्रकरणं न्यायप्रविष्ट असतात, आणि आपल्याकडे वाहिन्यांवरून निकाल लावायची खोड आधीच बोकाळली आहे. त्यात रसायन संस्थांनी भर घालू नये. हे मला पूर्ण मान्य आहे. चालू खटल्यावर एक शब्दही बोलू नये. पण निकाली निघालेली, छापील निकालपत्रं असलेली प्रकरणं कमी आहेत का? पुण्याच्या डॉ. अनंत चिंतामण लागू यांचंच घ्या. नोव्हेंबर १९५६ मध्ये लक्ष्मीबाई कर्वे त्यांच्यासोबत पुण्याहून रात्रीच्या गाडीने मुंबईला आल्या त्या बेशुद्धावस्थेत, आणि गोकुळदास तेजपाल रुग्णालयात वारल्या. मृतदेह बेवारस म्हणून वैद्यकीय महाविद्यालयाकडे जाण्याच्या बेतात होता. रासायनिक तपासणीत विष सापडलं नाही. तरीही आरोपीचं आधीचं आणि नंतरचं वर्तन, लाटलेली मालमत्ता, खोटी पत्रं यांच्या आधारे फाशीची शिक्षा झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती बहुमताने कायम केली; न्यायमूर्ती सरकार यांनी वेगळं मत नोंदवलं. कायद्याच्या वर्गात हा खटला परिस्थितिजन्य पुराव्यासाठी शिकवतात. रसायनाच्या वर्गात तो शिकवतच नाहीत, आणि खरं तर तिथे त्याची जास्त गरज आहे. ‘आढळलं नाही’ आणि ‘नव्हतं’ यांत किती अंतर असतं? मृतदेहात टिकाऊपणासाठी द्रव्य भरल्यावर काय शोधता येतं आणि काय कायमचं हातून जातं? १९५६ ला न सापडलेलं आज सापडलं असतं का? अशा तासाभराच्या व्याख्यानाने कुणाचा खटला बिघडणार आहे?

विषय शोधायला पुण्या-मुंबईच्या बाहेर जायचीही गरज नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायद्यात (पूर्वीचा मुंबई दारूबंदी कायदा) रक्तातल्या अल्कोहोलची ०.०५ टक्के ही मर्यादा ठरलेली आहे आणि ती ओलांडली की पुराव्याचा भार आरोपीवर जातो. रक्त काढताना कुठेही स्पिरिटचा स्पर्श होऊ नये, असं नियम सांगतात. नळीत परिरक्षक नसेल आणि ती गरम खोलीत पडून राहिली, तर सूक्ष्मजीव रक्तातल्या साखरेचं अल्कोहोल करू शकतात. सोडियम फ्लोराइड त्यासाठीच घालतात. ही साखळी तालुक्याच्या रुग्णालयातल्या टेबलापासून सुरू होते. किंवा अमली पदार्थांचा कायदा घ्या. हेरॉइनची अल्प मात्रा ५ ग्रॅम, व्यापारी मात्रा २५० ग्रॅम. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, शुद्ध द्रव्याचं वजन धरा. २०२० मध्ये हिरासिंग प्रकरणात मोठ्या पीठाने तो निर्णय फिरवला आणि भेसळीसकट एकूण वजन धरायला सांगितलं. म्हणजे आता दोन-चार टक्के हेरॉइन असलेल्या पावडरीचं वजन माणसाला किमान दहा वर्षांच्या शिक्षेपर्यंत नेऊ शकतं. न्यायालयाने कायद्याचा हेतू पाहिला, तो त्यांचा अधिकार. पण मग नमुना कोणत्या पुडीतून घेतला, मिश्रण एकजीव होतं का, शंभर पुड्यांमधल्या किती तपासल्या, हे प्रश्न आधीपेक्षा जास्त निर्णायक झाले. नमुना घेण्याचं शास्त्र हा रसायन उद्योगातल्या गुणवत्ता विभागाचा रोजचा विषय आहे. तारापूर, पाताळगंगा, कुरकुंभच्या कारखान्यांत एका पिंपातून नमुना कसा काढायचा यावर तासन्‌तास वाद घालणारी माणसं याच संस्थांची सभासद असतात.

उरला प्रश्न पारितोषिकांचा. पदकं शुद्ध संशोधनासाठी असतात, त्यांत न्याय-अन्याय आणू नका, असं म्हणणाऱ्यांनी पुन्हा बॉस्टनकडेच पाहावं. अमेरिकन केमिकल सोसायटीचा तिथला ईशान्य विभाग १८९८ पासून चालू आहे. लोकहितासाठीच्या रसायनशास्त्राकरिता तो एसेलेन पुरस्कार देतो. १९८७ चा पहिला पुरस्कार शेरवुड रोलंड आणि मारियो मोलिना यांना मिळाला, कारण शीतकरणाची आणि फवाऱ्यांची क्लोरोफ्लुओरोकार्बनं ओझोनचा थर कुरतडतात हे त्यांनी १९७४ मध्ये सांगितलं होतं आणि उद्योगांचा विरोध झेलत लावून धरलं होतं. नोबेल त्यांना १९९५ मध्ये मिळालं. एका प्रादेशिक संस्थेने आठ वर्षं आधी ठामपणे म्हटलं, की हे रसायनशास्त्र आहे आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे. हाच मान सरकारी प्रयोगशाळेतल्या अशा विश्लेषकाला का मिळू नये, ज्याने ‘नमुना तपासणीस अयोग्य’ असं लिहून बरणी परत पाठवली आणि तपास अधिकाऱ्याचा रोष पत्करला? ज्या प्रयोगशाळेने आपल्या चुका मोजून जाहीर केल्या, तिला का मिळू नये? ह्यूस्टनची प्रयोगशाळा २०१४ मध्ये पोलिसांपासून वेगळी झाली आणि रोजच्या कामात गुपचूप बनावट नमुने घुसवून स्वतःचीच परीक्षा घेऊ लागली. विश्लेषकाला कळतही नाही की समोरची पुडी खरी की परीक्षेची. आपल्याकडच्या एखाद्या प्रयोगशाळेने असं केलं, तर तिच्या संचालकांना शाल-श्रीफळ द्यायला मी स्वखर्चाने कुठेही जाईन.

व्याख्यानाला प्रश्नोत्तरं हवीत आणि ती मोकळी हवीत, हेही आग्रहाने सांगतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेचा वारसा सांगणाऱ्या समाजात वक्त्याला प्रश्न विचारणं उद्धटपणाचं मानलं जाऊ नये. आज बहुतेक समारंभांत व्याख्यान संपलं की आभारप्रदर्शन आणि लगेच चहा. पाहुणे वरिष्ठ सरकारी अधिकारी असले तर कुणी तोंडही उघडत नाही. तो वेळ कापून पदकांच्या वाटपाला देण्यापेक्षा पदकांचं वाटप आटोपतं घ्यावं.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत जास्त ऐकू येतो: चुकांची चर्चा उघड्यावर केली तर गुन्हेगारांच्या वकिलांच्या हाती कोलीत मिळेल आणि दोषी सुटतील. मॅसॅच्युसेट्समध्ये २१,५८७ खटले रद्द झाले, त्यांत खरोखर विक्री करणारेही असणारच. ते सुटले कारण हिंटनमध्ये आत कुजबुज होत असूनही वर्षानुवर्षं कुणी उघड बोललं नव्हतं. डूकन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावताना दिसत नाही, हे तिच्या शेजारच्या टेबलावरच्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांना ते सांगायला प्रयोगशाळेबाहेर, आपल्याच व्यवसायातल्या माणसांचं, एकही व्यासपीठ नव्हतं.